इंग्लंडच्या जनगणनेत पूर्वजांचा शोध

एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड-वेल्समधलं एखादं घराणं शोधायचं असेल, तर जनगणनेच्या नोंदींसारखं साधन नाही. देशभरातल्या माणसांची नावानिशी नोंद सापडते ती १८४१ पासून. त्यातलं वय मात्र जपून वाचा. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे तिशीचा दिसणारा माणूस ३४ वर्षांचाही असू शकतो. नातीही त्यात दिलेली नाहीत.

खरा खजिना १८५१ पासून उघडतो. कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालंय की नाही, व्यवसाय आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे जन्मगाव! ते हाती लागलं की तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींतून आणखी मागच्या पिढ्यांकडे जाता येतं. आडनावाचं स्पेलिंग बदललेलं दिसलं तर शोध सोडू नका. कानावर पडलं तसं लिहिलं जाई. शेजारची घरंही वाचा, तिथे कधी कधी नातलगच निघतात.

हे सगळं आज चटकन सापडतं ते स्वयंसेवकांमुळे. १८८१ च्या जनगणनेतल्या लाखो नोंदी त्यांनी हातानं उतरवून काढल्या. ‘फ्रीसेन’ प्रकल्पात असं काम अजून चालू आहे आणि शोध विनामूल्य करता येतो.

आपल्याकडच्या जुन्या जनगणनेचे आकडे मिळतात, नावं नाहीत. म्हणून नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपलं कुळ जरूर पाहा आणि सापडलेली नावं भाऊबंदांना कळवा.