वारी चालून झाली, आता सेवा करायची आहे

"डॉक्टरसाहेब, औंदा चालायचं नाही. औंदा सेवा करायची."

गेल्या आठवड्यात हे वाक्य घेऊन एक गृहस्थ दवाखान्यात आले. एस.टी.तून निवृत्त झालेले. सलग तीन वर्षे आळंदी ते पंढरपूर पायी गेलेले. वाटेत अनोळखी लोकांनी पाणी दिले, भाकरी दिली, पाय चेपले. त्याची थोडी तरी फेड करावी, असे त्यांच्या मनाने घेतले. चार मित्र जमवून त्यांनी वर्गणी काढली आणि पालखीच्या एका मुक्कामी मंडप टाकायचे ठरवले. माझ्याकडे ते औषधांची यादी तपासून घ्यायला आले होते. यादीत अंगदुखीच्या दोन हजार गोळ्या, जुलाब बंद होण्याच्या गोळ्या, मलमे आणि शेवटी "इंजेक्शनं, तुम्ही सांगाल ती" असे लिहिलेले.

मी सगळ्या गोळ्यांवर काट मारली. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांना जे समजावून सांगितले तेच आज येथे लिहीत आहे, कारण आपल्या जिल्ह्यातून वारी करून आलेले आणि पुढच्या वर्षी सेवेला उभे राहू इच्छिणारे पुष्कळ लोक आहेत.

मी केलेली चूक

गोळ्यांवर काट का मारली, ते आधी सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मित्रांनी लावलेल्या अशाच एका मंडपात मी बसलो होतो. समोर लांबच लांब रांग. साठीच्या पुढचे एक वारकरी आले, गुडघे धरून बसले. "माउली, गोळी द्या, पुढं जायचंय." मी दुखणे थांबवणारी गोळी दिली. रांग मोठी होती म्हणून काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाहून निरोप आला. त्यांना डांबरासारखी काळी शौचास होऊन चक्कर आली होती. रुग्णालयात रक्त द्यावे लागले. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांनी सकाळी एका मंडपात तशीच गोळी घेतली होती, दुपारी दुसऱ्या मंडपात इंजेक्शन घेतले होते आणि संध्याकाळी माझी गोळी. पोटात अन्न नाही, अंगात पाणी कमी. तिघांनीही सेवाच केली आणि तिघांनी मिळून जठराला जखम केली. ते वाचले, पण त्यांची त्या वर्षीची वारी तेथेच संपली.

वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात जठराला व मूत्रपिंडाला अपाय करतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना तर धोका अधिक. म्हणून स्वयंसेवकाने गोळी वाटू नये. डॉक्टर असतील तर त्यांनी द्यावी आणि काय दिले ते चिठ्ठीवर लिहून वारकऱ्याच्या खिशात ठेवावे: तारीख, वेळ, औषधाचे नाव. त्या घटनेनंतर मी चिठ्ठीशिवाय एकही गोळी दिलेली नाही. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मात्र स्वयंसेवक उत्तम करू शकतो. आणि एक प्रश्न तो हमखास विचारू शकतो: "आज कुठं गोळी-इंजेक्शन घेतलं का?"

पाणी आणि मिठाचे काम

आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. कधी कडक ऊन, कधी दिवसभर भिजणे. घामावाटे पाणी आणि क्षार दोन्ही जातात. थकवा, डोके दुखणे, पायात गोळे येणे याचे पहिले कारण बहुधा हेच असते. जागोजागी मिळतो तो चहा. पाहिजे असते ते पाणी आणि क्षारसंजीवनी.

येथे एक चूक सर्रास होते. क्षारसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवून देतात. असे दाट पाणी पोटात गेले तर फायद्याऐवजी त्रास होतो. एक लिटरचे पाकीट म्हणजे एक लिटर पाणी, यात तडजोड नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हे पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावे.

हे काम डॉक्टरचे नव्हे, हे सिद्ध झालेले आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी ते कपाने पाजले. हजारो जीव वाचले. पाजणारे हात साध्या माणसांचे होते.

पाणी शुद्ध असणे ही मात्र मंडपवाल्यांची जबाबदारी. टँकरचे पाणी आले की त्यात क्लोरीन घातले आहे का, हे आरोग्य कर्मचाऱ्याला विचारावे. क्लोरीनचे थेंब वापरत असाल तर बाटलीवर दिलेले प्रमाण पाळावे आणि पाणी निदान अर्धा तास ठेवून मगच वाटावे. पिंपात पेला बुडवू देऊ नये, तोटी असावी. अन्नदान करणाऱ्यांनी सकाळी शिजवलेला भात दुपारी उशिरा वाढू नये. जुलाब-उलट्या होत असलेल्या स्वयंसेवकाने वाढायला उभे राहू नये, मग तो वर्गणीत सर्वांत पुढे का असेना.

पाय पाहावेत, नुसते चेपू नयेत

वारीत एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. त्याच वेळी पाय नीट पाहिले तर निम्मे काम होते.

फोड लहान असेल तर फोडू नये. साबण-पाण्याने धुऊन, कोरडा करून वर स्वच्छ कापडाची पट्टी लावावी. मोठा, टचटचीत, पाऊल टेकू न देणारा फोड असेल तर प्रशिक्षित माणसाने निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढावे. वरची कातडी काढू नये, तीच उत्तम पट्टी असते. फोडात सुईने दोरा ओवून तो तसाच ठेवण्याची पद्धत वाटेवर दिसते. ती सोडावी. त्या दोऱ्यावाटे जंतू आत जातात.

पावसात भिजलेल्या पायांना चिखल्या होतात. औषधाआधी बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे महत्त्वाचे. कोरडे पंचे भरपूर ठेवा. शंभर मलमांपेक्षा शंभर पंचे अधिक उपयोगी पडतात. मांड्या घासून सोलपटल्या असतील तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन द्यावे.

पाय चेपताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तेथे मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. अशा माणसाला तडक डॉक्टरकडे न्यावे. दुसरी गोष्ट मधुमेहाची. जुना मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतला तरी कळत नाही, पाणी कढत असले तरी कळत नाही. भक्तिभावाने ठेवलेल्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय भाजलेले रुग्ण मी पाहिले आहेत. "साखरेचा त्रास आहे का?" हे विचारल्याशिवाय कोणाचेही पाय गरम पाण्यात घालू नयेत. मधुमेह असेल तर तळव्याखाली, बोटांच्या मध्ये आपण स्वतः पाहावे. त्यांचा फोड कितीही लहान असो, तो डॉक्टरकडेच द्यावा.

एकादशी आणि मधुमेह

माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस बहुतेक वर्षी एकादशीचा असतो. मोठा पल्ला, दिवे घाट आणि पोटात उपवास. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीचे घेतलेले. रक्तातली साखर उतरायला आणखी काय पाहिजे? अंगाला दरदरून घाम, हात कापणे, भलतेच बोलणे, डोळ्यांसमोर अंधारी, अशी लक्षणे दिसली की शुद्धीत असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि नंतर काही खायला द्यावे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून ठेवावे आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

हेच छातीत दुखण्याबाबत. छातीवर दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ म्हणजे "पित्त झालं असेल" असे म्हणू नये. बसवावे, एक पाऊलही चालू देऊ नये, १०८. उन्हात अंग तापले आहे आणि माणूस बरळतो आहे, तर तो उष्माघात. सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, अंगभर पाणी मारून वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिका येईपर्यंत गार करणे थांबवू नये.

बायकांचा न सांगितला जाणारा त्रास

मंडपात येणाऱ्या आजीबाई पाणी नको म्हणतात. कारण विचारले तर सांगत नाहीत. कारण एवढेच, की पुढे आडोसा कोठे मिळेल याची खात्री नसते. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर. तात्पुरत्या शौचालयांची सोय आता पूर्वीपेक्षा खूपच चांगली झाली आहे, पण ती कोठे आहे हे कळले पाहिजे. तुमच्या मंडपात दोन तरी स्त्री स्वयंसेवक असाव्यात. त्यांनी स्वतः बरोबर जाऊन जागा दाखवावी, बाहेर थांबावे. परत आल्यावर त्याच आजी दोन पेले पाणी पितात. एवढ्याने टळणारी आजारपणे पुष्कळ आहेत.

जे तुम्हीच सांगू शकता

आता मुख्य मुद्दा. पाणी, पंचा, चिठ्ठी कोणीही देईल. मग चालून आलेल्या माणसाचे वेगळेपण काय?

वारकरी दुखणे सांगत नाही. दिंडी पुढे जाईल, आपण मागे पडू, नेम मोडेल, ही भीती दुखण्याहून मोठी असते. ताप असलेल्या माणसाला मी "आज चालू नका" म्हटले की तो मान डोलावतो आणि मंडपाबाहेर पडून चालू लागतो. मी पांढऱ्या कपड्यातला डॉक्टर. मला वारीतले काय कळते! पण तेच जेव्हा त्याच वाटेने तीन वर्षे चाललेला माणूस शेजारी मांडी घालून सांगतो, की "माउली, मीबी दुसऱ्या साली एक मुक्काम दिंडीच्या ट्रकमधनं गेलो, पांडुरंगानं काय परत पाठवलं नाही," तेव्हा तो ऐकतो. ते वाक्य माझ्या औषधाच्या पेटीत नाही. ते फक्त तुमच्याजवळ आहे.

म्हणून सेवेतले तुमचे पहिले काम म्हणजे माणसाला बसवणे, त्याच्याशी बोलणे आणि गरज असेल तेव्हा त्याला थांबवणे. नंतर त्याच्या दिंडीचा क्रमांक विचारून निरोप पोचवा, ट्रकमध्ये जागा मिळवून द्या. एकट्या, वयस्क माणसाच्या खिशात नाव, गाव, घरचा फोन आणि रोजची औषधे लिहिलेला कागद आहे का ते पाहा. नसेल तर लिहून द्या.

आपली प्रकृतीही सांभाळा. पाळी लावून काम करा, रात्री झोपा, जखमांना हात लावताना हातमोजे घाला. स्वतःचा रक्तदाब, साखर आधी तपासून घ्या. मंडपात चक्कर येऊन पडलेला स्वयंसेवक म्हणजे रांगेत एक रुग्ण वाढला.

शेवटी एक सुचवतो. जाताना मंडपाला मंडप लागलेला असतो. आषाढी एकादशी झाली की मंडप उठतात. पौर्णिमेचा काला झाल्यावर पालख्या परत निघतात, तेव्हा बरोबर थोडेच लोक चालत असतात. परतीचा प्रवास कमी दिवसांत व्हायचा असतो, म्हणजे रोजचा पल्ला मोठा. शरीर आधीच थकलेले आणि वाटेवर विचारणारे कमी. वर्गणीतले थोडे पैसे आणि दोन माणसे त्या दिवसांसाठी राखून ठेवा.

आमच्या निवृत्त एस.टी.वाल्यांनी यादी माझ्यासमोरच नव्याने केली. दोनशे पंचे, क्षारसंजीवनीची पाकिटे, लिटरची मापे, तोटीची चार पिंपे, कोऱ्या कागदांचे गठ्ठे. इंजेक्शने खोडली. उठताना विचारले, "आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही?" परतीच्या वाटेवरचे दोन दिवस मी त्यांना दिले आहेत.