बुद्धिबळाची शिकवणी आणि मजुरी
गुकेशने 2024 साली जगज्जेतेपद मिळविले, नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 साली महिलांचा विश्वचषक जिंकला. असे विजय झाले की पालक पोरांना बुद्धिबळाच्या वर्गात घालतात. पण शिकविणाऱ्याच्या पदरी काय पडते? आम्ही येथे कारखान्यातला हिशेब लावतो. समजा, तासाला 600 रुपये ठरले. जाण्यायेण्यात दीड तास, मुलांचे डाव तपासण्यात अर्धा. म्हणजे राबणूक तीन तासांची आणि मजुरी तासाला 200. मूल आजारी पडले की तीही बुडते. विद्येचा सौदा करू नये, असे वर्गचालक ऐकवितो. तो स्वतः मात्र फी आगाऊ घेतो! मास्तरांनीही महिन्याची फी आगाऊच घ्यावी, सहा-आठ मुले एकत्र बसवावीत आणि वर्गचालकाकडून सुट्टीतला पगार लेखी ठरवून घ्यावा.