सोळा वर्षांनंतरची होफ्मो

हल्ली गुन्वोर होफ्मोचे नाव निघाले की पहिले वाक्य ठरलेले असते : रूथ मायरची मैत्रीण. २००७मध्ये रूथची डायरी प्रसिद्ध झाली, २०१२मध्ये नॉर्वेच्या पंतप्रधानांनी ज्यूंची माफी मागताना रूथचे नाव घेतले, आणि वीस कवितासंग्रह लिहिणारी ही नॉर्वेजियन कवयित्री दुसऱ्या कुणाच्या गोष्टीतले पात्र होऊन बसली. याचा मला राग येतो.

गोष्ट खरीच आहे. व्हिएन्नाहून जीव वाचवून नॉर्वेत आलेली ज्यू तरुणी रूथ तिला युद्धकाळात श्रमशिबिरात भेटली. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी ओस्लोहून ‘डोनाऊ’ जहाजाने रूथला नेले. पाचच दिवसांनी आउश्वित्झमध्ये तिला मारले. होफ्मोने तिच्या डायऱ्या मरेपर्यंत जपल्या. १९५३मध्ये त्यांतला काही भाग छापायला दिला, तर प्रकाशकाने नाकारला. १९४६ ते १९५५मधले पाच संग्रह, मग गाउस्टाडचे मनोरुग्णालय आणि सोळा वर्षांचे मौन. हे सगळे पुष्कळांनी लिहिले आहे.

मला बोलायचे आहे ते पुढच्या दशकाबद्दल. १९७१मध्ये ती परतली आणि सलग चार वर्षे दरसाल एक संग्रह आला! ते दिवस मी तरुणपणी पाहिलेत. कवितेने मोर्चात चालावे, असा हुकूमच तेव्हा देशोदेशी सुटला होता. ओस्लोत ‘प्रोफिल’ या नियतकालिकाभोवतीचे बिनीचे लेखक माओवादाकडे वळले होते. रात्रीशी, देवाशी, मेलेल्यांशी बोलणाऱ्या पन्नाशीच्या बाईची कविता त्या घोषणांत कुणाला ऐकू येणार? त्या हुकूमबाजीने केलेले नुकसान मी अजून माफ केलेले नाही. कारण याच काळात तिची कविता बदलली. आधीचा आक्रोश ओसरला, ओळी आखूड झाल्या, शब्द इतके मोजके की एकही काढता येऊ नये. १९७३मध्ये, जिच्यासोबत तिने संसार केला ती कवयित्री आस्ट्रिड टोलेफसेन गेली. पुढे होफ्मोने घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले, लिहिणे नाही. शेवटचा संग्रह १९९४चा; पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती गेली.

कवी यान एरिक वोल्डने तिचे चरित्र लिहिले, तिच्या कागदपत्रांतून रूथची डायरीही त्यानेच बाहेर आणली. डायरीची अनेक भाषांत भाषांतरे झाली, व्हायलाच हवी होती. मौनानंतरचे पंधरा संग्रह मात्र नॉर्वेबाहेर फारसे पोचलेच नाहीत.