ओल एकीकडे, गळती भलतीकडे
जुन्या जीप-मोटारीच्या आत साचणारे पाणी, तेल आणि पेट्रोल



दसऱ्याला आपण नांगर, कोयते, विळे धुऊन पुजतो, तशी गाडीही पुजतो. आमच्या घरी वडिलांच्या काळची उंच बॉनेटची जीप आहे. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी आठ दिवस तिच्या पुढच्या सीटखालचा पत्रा सारखा ओला दिसे. पावसाचे दिवस, हूडही जुने. मी म्हटले, पाणी गळत असेल. फडके मारी आणि विसरून जाई. उघड्या जीपमध्ये वारा खेळता, त्यामुळे वासही जाणवला नाही.

दसऱ्याच्या सकाळी टाकी भरून आणली, जीप पडवीत उभी केली आणि झेंडूची माळ घातली. आत्याबाई निरांजन घेऊन आल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. "अरे, घासलेटासारखा वास मारतोय की! दिवा नेऊ का नको?" त्या तशाच मागे फिरल्या म्हणून आज हा लेख लिहायला मी आहे. सीटखाली पाणी नव्हते. पेट्रोल होते.

त्या दिवशी शिकलो ते एवढेच: गाडीत ओल दिसली, की पुसण्याआधी ती कशाची आहे ते ओळखा, आणि कुठून येते ते शोधा. नाही तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत होते.

आपल्याकडच्या जुन्या गाड्या

विलीज जीपची जोडणी आपल्या मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्या घाटाच्या जीपा अजून कितीतरी वाड्यांत आहेत. अ‍ॅम्बॅसडर २०१४ साली बनायची थांबली, पण ती आणि जुनी फियाट आजही काही घरांत जपलेली आहे. या गाड्या वर्षातले दहा महिने उभ्याच असतात. उभ्या गाडीचे रबर वाळते, कडक होते, भेगाळते. त्यातच आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या उसाला त्याने गिऱ्हाईक मिळाले, हे खरे. पण जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पॅकिंगे त्यासाठी बनवलेली नव्हती, ती लवकर खराब होतात.

आधी ओळख

पांढऱ्या सुती फडक्याचा तुकडा ओलीला टेकवा. रंग पाहा, दुरूनच वास घ्या, चिमटीत चोळून पाहा. जिभेला मात्र कधीही लावू नका.

पावसाचे पाणी: वास नाही, चिकटपणा नाही. फार तर गढूळ. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच दिसते.

पेट्रोल: वास लपत नाही. फडक्यावरून लवकर उडून जाते.

ब्रेकचे तेल: नवे असताना फिकट पिवळसर, जुने झाले की तपकिरी. पातळ आणि बुळबुळीत. जिथे पडते तिथला रंग फुगून निघतो.

इंजिनाचे तेल: काळे, दाट. गिअरचे तेल त्याहून दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.

रेडिएटरचे कूलंट: हिरवे, लाल किंवा निळे, वास गोडसर. हीटर बसवलेल्या गाडीत ते पायाशी गळते आणि काचेवर आतून तेलकट धुके धरते. नुसते पाणी भरत असाल तर ते गंजासारखे तांबूस दिसेल.

मग माग काढा

पातळ पदार्थ पत्र्याच्या उतारावरून, तारेवरून, नळीवरून वाहत जातो आणि सखल जागी थेंब धरतो. म्हणून ओलीची जागा आणि गळतीची जागा सहसा एक नसते.

मॅट, गाद्या, खालचे नमद्याचे थर, सगळे बाहेर काढा. पत्रा कोरडा पुसा. सपाट जागी गाडी लावून जागोजाग पांढरे कागद ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कोणता कागद भिजला ते पाहून तिथून वर, चढाच्या बाजूला बोटाने माग काढत जा.

पावसाच्या पाण्यासाठी एकाने आत विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून तांब्याने पाणी ओतावे. आधी दाराच्या खालच्या कडेला, मग वर, शेवटी काचेच्या रबराला. एकदम बादली उपडी केली तर काहीच कळणार नाही.

तेल पायाशी असेल तर डॅशबोर्डखाली पाहा. काही जुन्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा काटा बारीक नळीने थेट इंजिनाच्या तेलाला जोडलेला असतो. तिचा सांधा ढिला झाला की तेल आत उतरते. स्पीडोमीटरच्या तारेतूनही गिअरपेटीचे तेल वर चढून येते.

पेट्रोलचा वास असेल तर यातले काही करू नका. गाडी हाताने ढकलून उघड्यावर आणा. इंजिन चालू करू नका, विडी-काडी दूर ठेवा. वास ओसरला की बॅटरीची ऋण तार सोडा आणि मिस्त्रीला तिथेच बोलवा.

आमच्या जीपची टाकी पुढच्या सीटखाली आहे. मिस्त्रीने पाहिले तर टाकीचे बूड शाबूत. टाकीच्या वर पेट्रोलचा काटा दाखवणारा भाग बसतो, त्याखालचे बुचाचे पॅकिंग वाळून चिरले होते. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोल तिथून निघे आणि टाकीच्या अंगावरून ओघळून खाली साचे. अर्धी टाकी असली की सारे कोरडे! नुसते फडके मारून हे मला जन्मात कळले नसते.

टाकीला भोक असले तरी ती तशीच वेल्डिंगला नेऊ नका. रिकामी दिसणारी टाकी आतल्या वाफेने भरलेली असते आणि ठिणगीने बॉम्बसारखी फुटते.

ब्रेकच्या तेलाशी खेळ नाही

ज्या गाड्यांत ब्रेकचे पेडल वरून लोंबते, त्यांत मास्टर सिलिंडर पेडलसमोरच्या भिंतीला असतो. त्याचे सील गेले की तेल पेडलच्या दांड्यावरून मॅटवर उतरते. तिथे ओल दिसली किंवा पेडल खोल जाऊ लागले, तर गाडी जागची हलवू नका. बाजाराचा दिवस असो की लग्नाचा मुहूर्त. आणि ब्रेकच्या बाटलीत इंजिनाचे तेल ओतण्याची युक्ती कोणी सांगेल, ती ऐकू नका. त्याने रबरी सील फुगतात आणि सगळा ब्रेक बाद होतो. बाटलीच्या झाकणावर लिहिलेले तेलच घाला.

शेवटी सफाई

गळती बंद झाल्यावरच सफाई करा. ब्रेकचे तेल कोरड्या फडक्याने टिपून साबणाच्या भरपूर पाण्याने धुवा, ते पाण्यात विरघळते. इंजिनाच्या तेलावर राख किंवा लाकडाचा भुसा पसरा, रात्रभर शोषू द्या, झाडून घ्या, मग धुण्याच्या सोड्याने घासा. तो भुसा गोठ्यात किंवा चुलीत घालू नका. पेट्रोलची फडकी घराबाहेर, उघड्यावर वाळवा. पावसाने भिजलेला नमदा पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका, त्याखालीच पत्रा सडतो. गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्या.

कूलंटची मात्र विशेष काळजी घ्या. ते गोड लागते आणि विषारी असते. अंगणात त्याचे भांडे उघडे राहिले तर कुत्रे चाटेल, वासरू चाटेल, रांगते मूलही बोट बुडवेल. सांडलेले लगेच धुऊन काढा. काढलेले कूलंट आणि जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला ओतू नका.

आमच्या जीपला नवे पॅकिंग बसले. पुढच्या दसऱ्याला आत्याबाईंनीच ओवाळले. निरांजन पेटवण्याआधी त्यांनी सीटखाली वाकून वास तेवढा घेतला!