सल्ला आणि सोबत

आपल्या देशात कशाचा तुटवडा केव्हा पडेल ते सांगवत नाही. पण सल्ल्याचा तुटवडा पडल्याचे अजून कोणी ऐकलेले नाही. त्यातही प्रकृतीविषयीचा सल्ला म्हणजे पावसाळ्यातले गवत. पेरावे लागत नाही, खत घालावे लागत नाही! खोटे वाटत असेल तर सकाळी बोईसर स्टेशनच्या फलाटावर उभे राहावे आणि विरारकडे जाणारी गाडी येण्यापूर्वी एकदा, फक्त एकदाच, शिंकून पाहावे. एक गृहस्थ हळदीचे दूध सुचवतील, दुसरे दूधच बंद करायला सांगतील. तिसरे म्हणतील, "केळे खाल्लेत ना काल? मग!" गाडी पालघरला पोहोचेतो तुमच्या एका शिंकेवर चार निदाने आणि सहा उपचार झालेले असतात. तुम्ही विचारले होते काय, हा प्रश्न अर्थातच गैरलागू.

आमच्या बोईसरला तर या बाबतीत विशेष सुबत्ता आहे. 1969 साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले. जवळच औद्योगिक वसाहत वाढली. त्यामुळे साऱ्या प्रांतांतली माणसे या गावात आली, आणि येताना आपापल्या लोणच्याच्या बरण्यांबरोबर आरोग्याची मतेही घेऊन आली. रात्री दही खाल्ले तर छाती भरते, असे माझ्या आईचे ठाम मत. आमचे दक्षिणेकडचे शेजारी रात्री दहीभात खाल्ल्याशिवाय पानावरून उठत नाहीत आणि त्यांच्या आजोबांची छाती ऐंशीव्या वर्षीही खणखणीत आहे. चिकू उष्ण की थंड, यावर आमच्या जिन्यात एकदा असा वाद रंगला होता की, फोडी करून ठेवलेले चिकू त्या नादात काळे पडले!

या मतांना नुसते हसून सोडावे असेही नाही. जूनच्या तोंडाशी पहिले पाऊस पडले की बोईसरच्या बाजारात आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळे घेणाऱ्याला त्या बजावून सांगतात, "काकडं घेऊन जा, नाहीतर घसा धरेल." काकडं म्हणजे एक लहान, आंबट रानफळ. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. ती खाज आंबटाने मारावी लागते, हे ज्ञान त्या बायांनी कोणत्या पुस्तकातून घेतले नाही. कित्येक पिढ्यांनी स्वतःच्या घशावर प्रयोग करून ते मिळवले आहे. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: ती बाई नुसता सल्ला देऊन थांबत नाही, शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही तुमच्या पिशवीत टाकते.

दही रात्री खावे की दुपारी, हे ज्याचे त्याने ठरवावे; चुकले तर त्याचे पोट आणि तो. पण आपले मत दुसऱ्याच्या जिवाशी जाऊन भिडते तेव्हा? तेव्हा ते मत राहत नाही, त्याचा निवाडा होतो. आमच्याच इमारतीत घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला थोडी लाजही वाटते. का, ते पुढे कळेलच.

तळमजल्यावर एक तरुण भाड्याने राहत असे. खानदेशातून आलेला, एका कारखान्यात पाळीवर काम करणारा. अबोल, पण येताजाता नमस्कार करणारा. कधी संध्याकाळी माझ्याकडे वर्तमानपत्र न्यायला यायचा, तेव्हा चहाही व्हायचा. मध्यंतरी तो वाळला. खोकू लागला. फलाटावर असते तसे सल्लागार मंडळ जिन्यातही तयारच होते: ज्येष्ठमध, अडुळसा, कारखान्यातली हवा, रात्रपाळी. मग कोणाला तरी त्याच्या डब्यात गोळ्यांचे पाकीट दिसले आणि बातमी फुटली. क्षय!

त्या दिवसापासून सल्ले थांबले आणि निवाडे सुरू झाले. कोणी जिन्याच्या कठड्याला हात लावीनासे झाले. कोणी मुलांना तळमजल्यावर खेळायला मनाई केली. चार प्रतिष्ठित मंडळी गच्चीवर जमली आणि "त्याच्याच भल्यासाठी" त्याने गावी जावे असे ठरले. मी त्या बैठकीत होतो. मी काही बोललो नाही. घरी येऊन मात्र मी एक गोष्ट केली: तो ज्या कपातून चहा घेत असे तो बाजूला काढून फळीच्या टोकाला ठेवला. मी शिकलेला माणूस. क्षय कपबशीतून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि हात तसा वळणे यांत केवढे अंतर असते!

पुढच्या आठवड्यात तो वर्तमानपत्र परत करायला आला. दारातच उभा राहिला. आईने आत बोलावले, तेव्हा त्याची नजर फळीकडे गेली. तो शांतपणे म्हणाला, "सर, तो कोपऱ्यातला कप माझा ना?"

मला उत्तर सुचले नाही. आईने मात्र काय समजायचे ते समजून घेतले. तो गेल्यावर ती मला फक्त एवढेच म्हणाली, "तुझ्या एवढ्या पुस्तकांचा काय उपयोग रे?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आली. त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगे आहे. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय असेल, तर नियमित गोळ्या सुरू झाल्यावर बहुधा काही आठवड्यांतच रोगी दुसऱ्याला बाधा देईनासा होतो. खोकताना तोंडावर रुमाल हवा, खिडक्या उघड्या हव्यात, घरातल्यांनी तपासून घ्यावे. पण गोळ्या साधारण सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. खोकला थांबला, वजन वाढले, म्हणून मध्येच सोडल्या तर रोग उलटतो आणि मग साध्या औषधांना जुमानत नाही. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते.

आणि आमचा तो तरुण? चौकशी केल्यावर कळले की, आठ दिवस त्याने गोळ्या घेतल्याच नव्हत्या. खोलीतल्या सोबत्यांना दिसू नये म्हणून! म्हणजे ज्या रोगाच्या भीतीने आम्ही त्याला दूर लोटत होतो, तो रोग आमच्या त्या लोटण्यानेच बळावणार होता. त्याच्यासाठी आणि आमच्यासाठीही.

यात नवे काहीच नव्हते. 1956 साली मद्रासला क्षयाच्या उपचाराविषयी एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच औषधे दिली. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा साऱ्या जगाला आश्चर्य वाटले: घरी राहिलेले रोगीही आरोग्यधामातल्यांइतकेच चांगले बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यामुळे रोगाची अधिक बाधा झाली नव्हती. माणसांतून उठवण्याची गरज नाही, औषध चुकता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याच देशात लागलेला हा शोध; पण इतक्या वर्षांत तो आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढला नव्हता.

आईने मग काही भाषण केले नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी तिची हाक तळमजल्यापर्यंत जाऊ लागली: "अरे, चहा निवतोय! गोळ्या घेऊन ये!" तो गॅलरीत बसायचा, तिच्यासमोर गोळ्या घ्यायचा, मग चहा. पाळी बदलली की चहाची वेळ बदले. "आजी, आज उशीर होईल," असे तो आदल्या दिवशी सांगून ठेवी. चार-सहा दिवसांनी शेजारच्या बाईंनी उकडलेली अंडी पाठवली. ज्यांनी गच्चीवरची बैठक बोलावली होती, त्यांनीच एकदा दवाखान्यापर्यंत स्कूटरवरून सोडले. गावी पाठवण्याचा ठराव कोणी रद्द केला नाही. तो आपोआपच विसरला गेला.

मला या निमित्ताने आमच्या शेजारच्याच एका टेकडीची आठवण झाली. बोईसरहून वाणगाव, डहाणू आणि तिथून कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडला नेले. आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीत येत नव्हती. कोणी धाकटे भावंड सांभाळीत होते, कोणी गुरांमागे होते. या बायांनी काय केले? "या लोकांना स्वच्छता कळत नाही, शिक्षणाची आवड नाही," असा निवाडा देऊन त्या घरी बसल्या नाहीत. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, असे म्हणून त्या पाड्यावर गेल्या. मुलांना आंघोळ घातली, नखे कापली, केस विंचरले आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून आला. 1975 मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. नखे कापावीत हा सल्ला तर कोणीही दिला असता; त्या नखे कापायला बसल्या. सल्ला आणि सोबत यांतला फरक एवढाच, पण त्यात सारे आले.

तेव्हा वाचकहो, माझे एवढेच म्हणणे आहे. सल्ला देण्याची हौस आपल्या अंगात मुरलेली आहे, ती जायची नाही. जावी असेही नाही. फक्त दुसऱ्याच्या प्रकृतीविषयी तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: याच्यासाठी मी चार पावले चालायला तयार आहे काय? "फिरायला जात जा" असे मधुमेही शेजाऱ्याला सांगण्यापेक्षा "चला, मी येतो बरोबर" हे शब्द अधिक गुणकारी. "मीठ कमी करा" हे रक्तदाबाच्या वडिलांना रोज ऐकवण्यापेक्षा साऱ्या घरानेच पापड-लोणचे थोडे मागे सारावे. एकट्याच्या पानात बेचव भाजी वाढली की ते पथ्य राहत नाही, शिक्षा होते. आणि चालण्याची तयारी नसेल, तर निदान निवाडा तरी देऊ नये.

तो तरुण सहा महिन्यांनी तपासणीत बरा ठरला. अजून त्याच कारखान्यात आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आला, तेव्हा चार-पाच माणसे होती आणि कप कमी पडले. आईने फळीवरचे सगळे खाली काढले. गप्पांच्या भरात मी एक कप उचलला, अर्धा चहा संपल्यावर माझे लक्ष गेले: तोच कप होता.

त्याचेही लक्ष गेले असावे. पण त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि आईला विचारले, "आजी, यंदा चकल्यांना मोहन जरा जास्त झाले काय?"

बघा! बरा झाला, आणि लगेच सल्ला द्यायला लागला.