मुलाम्याची जाडी

एक ग्रॅमचं मंगळसूत्र रोज अंगावर असलं, की सगळ्यात आधी वाटीची कड तांबूस दिसायला लागते. मग साखळीची कडी, हुक आणि मानेला घासणारे मागचे मणी. तीच वाटी उलटी करून पाहा: आतल्या खोलगट बाजूला पिवळेपणा बहुधा तसाच असतो. मुलामा जिथं घासला जातो, तिथून आधी उडतो. त्यामुळे दागिना किती टिकेल याचं उत्तर दोन गोष्टींत असतं, सोन्याचा थर किती जाड आहे आणि त्याखाली कोणता धातू आहे. दुकानात नेमक्या याच दोन गोष्टी कुणी विचारत नाही.

‘एक ग्रॅम’ म्हटल्यावर दागिन्यात ग्रॅमभर सोनं असेल, असा पुष्कळांचा समज असतो. हिशेब करून पाहू. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एखाद्या ठुशीचा पृष्ठभाग ५० चौरस सेंटिमीटर धरला आणि त्यावर १ मायक्रॉनचा थर चढवला, तर सोनं लागतं जेमतेम ०.१ ग्रॅम. स्वस्तातल्या दागिन्यांवरचा थर याहूनही पातळ असतो. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्याला ‘व्हर्मे’ म्हणून विकायचं, तर अमेरिकेत थर निदान २.५ मायक्रॉनचा असावा लागतो. आपल्याकडेही पावतीवर मायक्रॉनचा आकडा लिहून मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. घाम गाळून पैसे साठवणारी बाई हा दागिना घेते. काय घेतलं हे कळण्याचा हक्क तिला आहे.

आता खालचा धातू. बहुतेक वेळा ते पितळ असतं, म्हणजे तांबं आणि जस्त. विजेच्या प्रवाहानं त्यावर सोनं बसवलं, तरी तांब्याचे अणू हळूहळू पातळ थरातून वर येतात आणि झळाळी मंदावते. म्हणून कारागीर मध्ये निकेलचा थर देतात. मात्र पुष्कळांना निकेलच सोसत नाही. कानाची पाळी खाजते, लाल होते, आणि दोष सोन्याच्या पाण्यावर येतो. अशांनी खाली चांदी असलेला किंवा निकेल न वापरलेला दागिना मागून घ्यावा.

मुलामा म्हणजे फसवणूक, असं मात्र मुळीच नाही. सराफाकडच्या अस्सल व्हाइट गोल्डवरही मुलामा असतो! सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळलं की ते पांढुरकं होतं, पण बहुधा पिवळसर झाक राहते. ती झाकायला वर ऱ्होडियम चढवतात. काही वर्षांनी अंगठीच्या खालच्या बाजूला ती झाक पुन्हा दिसली, तर सोनं खोटं निघालं असं समजू नये. रोझ गोल्डची लाली मात्र आतपर्यंत असू शकते. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं असतं. उरलेल्यात तांबं जास्त घातलं की गुलाबी छटा येते, चांदी जास्त घातली की हिरवट.

रंगावरून कस ठरवता येत नाही, आणि कसोटीच्या दगडावरही वरवर घासलं तर वरचाच थर उमटतो. जाणता सराफ म्हणूनच शंका आली की आधी कानस लावून पाहतो. सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटसाठी ९१६) आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांची विक्री त्याशिवाय करता येत नाही. मुलाम्याच्या पितळेला हा हॉलमार्क मिळत नाही.

चांदीचं दुखणं वेगळं. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे ती काळी पडते. पावडरनं घासलं की काळेपणाबरोबर थोडी चांदीही जाते. भरीव पैंजणाला ते चालून जातं, चांदीचं पाणी दिलेल्या तबकाचं मात्र पितळ उघडं पडतं. त्यापेक्षा भांड्यात अॅल्युमिनियमचा कागद पसरून वर चांदी ठेवावी आणि गरम पाणी व खायचा सोडा घालावा. गंधक अॅल्युमिनियमकडे जातं, चांदी जागेवर राहते. मोती किंवा खडे असलेले दागिने त्यात घालू नयेत. ऑक्सिडाइज्ड दागिनेही नकोत, कारण त्यांच्या नक्षीतला काळेपणा कारागिरानं मुद्दाम आणलेला असतो आणि तोही धुऊन जाईल.