कामगार स्प्रिंग बसवायला विसरायचे, उपाय निघाला एका छोट्या ताटलीतून

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या एखाद्या कंपनीत पोरगा प्रोसेस इंजिनियर म्हणून लागला की घरचे विचारतात, म्हणजे नक्की करतोस काय? मशीन ऑपरेटर चालवतो. बिघडलं तर मेंटेनन्सवाले येतात. तपासणी क्वालिटीवाले करतात. पार्ट कसा दिसणार हे डिझाइनवाल्यांनी ठरवलेलं असतं.

तर तो पार्ट बनवायचा कसा, हे प्रोसेस इंजिनियर ठरवतो. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, किती सेकंदात हे सगळं व्हायला हवं.

समजा, ८ तासांच्या शिफ्टमधून चहा-जेवणाची ३० मिनिटं वजा केली. उरली ४५०. तेवढ्यात ९०० पार्ट हवे असतील तर दर ३० सेकंदांना एक पार्ट बाहेर पडला पाहिजे. याला म्हणतात टॅक्ट टाइम. पण लाइनवरच्या एकाच स्टेशनला ३४ सेकंद लागत असतील तर? बाकीचे कितीही पळोत, शिफ्टअखेर पार्ट निघणार ७९४ च्या आसपास. मग ते ४ सेकंद कुठे जातात हे शोधायला स्टॉपवॉच घेऊन तिथं उभं राहायचं.

पण खरी कसोटी लागते ती चूक झाल्यावर.

१९६१ सालची गोष्ट. जपानच्या यामादा इलेक्ट्रिकमध्ये एक साधा स्विच बनायचा. बटणाखाली दोन स्प्रिंग बसवायच्या, बस्स. तरी कामगार अधूनमधून एक विसरायचेच. तंबी दिली की थोडे दिवस सुरळीत, मग पुन्हा तेच.

शिगेओ शिंगो या इंजिनियरने पद्धत बदलली. आधी डब्यातून दोन स्प्रिंग काढून छोट्या ताटलीत ठेवायच्या, मग बसवायच्या. ताटलीत एक उरली की चूक तिथल्या तिथं कळते. खर्च जवळपास शून्य.

अशा उपायांना तेव्हा ‘बाका-योके’ म्हणायचे. बाका म्हणजे मूर्ख. पुढे १९६३ मध्ये एका कारखान्यात हा शब्द एका कामगार महिलेच्या मनाला लागला आणि शिंगोंनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक. तुमच्या सिमकार्डचा कापलेला कोपराही पोका-योकेच, कार्ड उलटं बसतच नाही.

आजही रिजेक्शन वाढलं की रिपोर्टमध्ये सोपं वाक्य लिहिता येतं: ‘कारण, ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय, समज दिली.’ फाइल बंद होते, चूक नाही. दोन सारखे दिसणारे पार्ट शेजारच्या ट्रेमध्ये का ठेवले होते, हे कुणी विचारतच नाही.

गाड्यांच्या पार्टसाठी पीएफएमईए नावाचा तक्ता भरावा लागतो. त्यात चूक पकडण्याच्या पद्धतीला १ ते १० आकडा मिळतो आणि आकडा जितका मोठा तितकी पद्धत कच्ची. माणसाने नुसतं डोळ्यांनी तपासणं यात बरंच वर असतं. चूक होऊच न देणाऱ्या रचनेला मिळतो १.